जमेची बाजू
(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात ‘दैनंदिन जीवनातील कृतज्ञता आणि सकारात्मक दृष्टी’ या विषयावर बोलण्यासाठी आपण मला पाचारण केलेत, याबद्दल प्रारंभीच आपले आभार मानतो. मी विद्वान नाही, प्रवचनकार तर मुळीच नाही. भोसरी आणि चाकण परिसरातील कारखान्यांच्या हिशेब विभागात माझी छत्तीस वर्षे गेली. तेव्हा या विषयाकडे मी हिशेबनिसाच्या नजरेनेच पाहणार आहे, आणि विषय पाहता ते अगदीच अस्थानी ठरणार नाही, असे मला वाटते.

आपण बोलताना सहज म्हणतो, ‘या मुलाची जमेची बाजू अशी की तो कष्टाळू आहे.’ जमेची बाजू म्हणजे चांगली बाजू, असा अर्थ आता रूढ झाला आहे. परंतु हा शब्द आला आहे वहीतून, आणि वहीत त्याचा अर्थ थोडा निराळा आहे.

माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, चाकणच्या बाजारात एका अडतीच्या पेढीवर दिवाणजी होते. त्या काळी चाकण हे मोटारींचे गाव नव्हते, कांद्याचे होते. दिवसभर गाड्या येत, लिलाव होत आणि संध्याकाळी अण्णा लाल कापडी बांधणीच्या लांब वहीत रोजकीर्द लिहीत. डाव्या हाताला जमा, उजव्या हाताला नावे. लहानपणी मी त्यांना विचारले होते, “जमा म्हणजे आपले पैसे ना?” ते म्हणाले, “नाही रे. शेतकऱ्याने कांदा दिला, त्याचे पैसे आपल्याकडे राहिले, तर ते त्याच्या खात्यावर जमा. ज्याच्या नावापुढे जमा, त्याचे आपण देणे लागतो.”

बंधू-भगिनींनो, आज मला जे सांगायचे आहे ते या एका वाक्यात आलेले आहे. आयुष्याकडे सकारात्मक दृष्टीने पाहायचे म्हणजे जमेची बाजू पाहायची, हे तर खरेच. पण जमेच्या बाजूला जे लिहिलेले असते ते आपल्या कर्तबगारीचे कौतुक नसते. ते दुसऱ्या कोणाकडून तरी आपल्याकडे आलेले असते. जमा पाहणे याचाच अर्थ देणे ओळखणे. सकारात्मकता आणि कृतज्ञता या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत, त्या एकाच पानावर लिहिल्या जातात.

हे मला समजले ते मात्र फार उशिरा, आणि चांगल्या दिवसांत नव्हे. १९९७ साली मी नोकरीला असलेला एक कारखाना बंद पडला. वय बेचाळीस, दोन मुले शाळेत, घराचे हप्ते चालू. पहिले काही महिने धावपळीत गेले आणि नंतर माझ्या स्वभावात एक कडवटपणा उतरला. सकाळी वर्तमानपत्र उघडले की संताप, कोणी विचारपूस केली की संताप, कोणी विचारपूस केली नाही तर त्याहून अधिक संताप. एका रात्री अण्णांनी माझ्यापुढे एक कोरा फुलस्केप कागद ठेवला, मधोमध उभी रेघ मारली आणि म्हणाले, “लिही.”

नावेची बाजू मी दहा मिनिटांत भरून काढली. थकलेले पगार, अडकलेली ग्रॅच्युइटी, रस्त्यात दिसताच नजर चुकवणारे मित्र, वाया गेलेली वर्षे. जमेच्या बाजूला एक ओळही नव्हती. अण्णांनी कागद पाहिला आणि म्हणाले, “हे पान खोटे आहे. जमा काहीच नाही, तर गेले आठ महिने तुम्ही चौघे खाता काय?”

मग मी लिहू लागलो. पत्नी पहाटे चारला उठून कारखान्यातल्या मुलांसाठी डबे करीत होती. शेजारच्या वहिनी आपल्या मुलांबरोबर आमच्याही मुलांना शाळेत सोडत होत्या. एका जुन्या सहकाऱ्याने, स्वतःची नोकरी नवी असताना, साहेबांकडे माझ्यासाठी शब्द टाकला होता. कोपऱ्यावरचे किराणा दुकानदार शेठजी महिन्याचे सामान नेहमीच्या वेळी, न मागता, घरी पाठवीत होते. त्या रात्री एकोणीस ओळी झाल्या.

येथे मला एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. जमेच्या बाजूला एकोणीस ओळी आल्या म्हणून नावेच्या बाजूची एकही ओळ पुसली गेली नाही. थकलेला पगार थकलेलाच होता, आणि तो मिळावा यासाठी आम्ही कामगार पुढे न्यायालयातही गेलो. अण्णांनी मला ‘विसरून जा’ असे कधी सांगितले नाही. दिवाणजी माणूस, खोडाखोड त्यांना खपत नसे. त्यांचे म्हणणे एवढेच होते की दोन्ही बाजू लिहिल्याखेरीज खरी शिल्लक निघत नाही. दुःख झाकून हसतमुख राहण्याला आपण कधी कधी सकारात्मकता समजतो. ती खोटी कीर्द होय. तशीच केवळ नावेची बाजू लिहिलेली कीर्दही खोटी होय.

चौदा महिन्यांनी मला नोकरी लागली आणि मी शेठजींची उधारी फेडायला गेलो. मनात कुठेतरी होते की ते थोडी सूट देतील. त्यांनी पै न पै मोजून घेतली आणि माझ्यासमोर खाते बंद केले. माझा चेहरा पाहून ते हसले आणि म्हणाले, “भाऊ, पैसे सोडून दिले असते तर तुम्ही उद्यापासून रस्ता बदलून गेला असता. मला गिऱ्हाईक घालवायचे नव्हते.” त्यांच्या बोलण्यात विनोद होता, पण मोठे शहाणपणही होते. घेणाऱ्याला फेडण्याची संधी ठेवणे, हाही उपकाराचाच भाग आहे. तो त्या माणसाने किती सहजतेने केला!

आता घराच्या उंबऱ्याबाहेर येऊ. आपल्या या परिसराची एक वही कोणी लिहायला बसले, तर जमेच्या बाजूला काय येईल?

आपल्या पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा कारखाना स्थापन झाला. जुने पिंपरीकर त्याला ‘एच. ए.’ म्हणूनच ओळखतात. सार्वजनिक क्षेत्रातील देशाचा हा पहिला औषध कारखाना. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांचे साहाय्य त्याला लाभले आणि १९५५ मध्ये येथे पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. न्यूमोनिया किंवा चिघळलेली जखम हे ज्या काळी मृत्यूचे निमंत्रण असे, त्या काळात आपल्याच रुळांच्या कडेला तयार झालेल्या औषधाने देशातील असंख्य घरे सावरली. येथे बसलेल्या ज्येष्ठांपैकी कित्येकांना बालपणी टोचलेले पेनिसिलिन पिंपरीचे असू शकेल. ते कोणाच्या पाळीत तयार झाले, हे आपल्याला कधीच कळणार नाही.

या औषधाची पूर्वकथाही अशीच आहे. १९२८ मध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांना ती बुरशी दिसली. परंतु तिच्यापासून रोग्याला देता येईल असे औषध ऑक्सफर्डमधील हॉवर्ड फ्लोरी, अर्न्स्ट चेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवले. युद्धाचा काळ, साधने अपुरी. नॉर्मन हीटली या संशोधकाने रुग्णालयातील भांडी आणि दुधाच्या बरण्यासुद्धा कामाला लावून बुरशी वाढवली आणि औषध वेगळे काढण्याची युक्ती शोधली. १९४१ मध्ये एका पोलीस शिपायावर त्याचा प्रयोग झाला. तो सुधारू लागला, पण साठा संपला. त्याच्या मूत्रातून औषध परत मिळवून पुन्हा त्याला दिले गेले, तरीही तो वाचला नाही. १९४५ चा नोबेल पुरस्कार फ्लेमिंग, फ्लोरी आणि चेन या तिघांना मिळाला. हीटली यांचे नाव त्यात नव्हते. ऑक्सफर्ड विद्यापीठाने त्यांना वैद्यकशास्त्राची सन्माननीय डॉक्टरेट दिली ती १९९० साली. जमेची नोंद पडायला जवळजवळ अर्धशतक लागले.

आणि आपल्या एच. ए.चे काय झाले? १९९० च्या दशकात हा कारखाना आजारी उद्योगांच्या यादीत गेला. पुढे कामगारांचे पगार महिनोन्महिने थकले. २०१६ च्या डिसेंबरात केंद्रीय मंत्रिमंडळाने कारखान्याची जादा जमीन विकून देणी भागवण्याचा निर्णय घेतला. मी यावर कोणताही निवाडा देत नाही. एवढेच म्हणतो की ज्यांच्या खात्यावर देशाचे इतके मोठे जमा होते, त्यांनाच आपल्या मजुरीसाठी हात पसरावे लागले, आणि हे शहर, मीही त्यातलाच, त्यांच्या कॉलनीजवळून रोज ये-जा करीत राहिले.

दुसरे उदाहरण प्रत्येकाच्या घरात आहे. सकाळी नळ सोडला की येणारे पाणी. आपले पाणी पवना धरणातून नदीने रावेतला येते, तेथून उचलले जाते आणि निगडीला शुद्ध होऊन घरोघर पोहोचते. नोव्हेंबर २०१९ मध्ये शहरात दिवसाआड पाणीपुरवठा सुरू झाला, तेव्हा आपण सर्वांनी तक्रार केली. मीही केली, आणि नागरिक म्हणून ती करण्याचा आपल्याला अधिकार आहे. पण त्याच सुमारास एका मावळातल्या गृहस्थांशी माझे बोलणे झाले. ते शांतपणे म्हणाले, “तुमच्या बादलीत आमचे शेत आहे.” १९७० च्या दशकाच्या आरंभी झालेल्या त्या धरणाच्या पाण्याखाली मावळातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या आणि पुनर्वसनाचा प्रश्न पुढे कित्येक दशके रेंगाळला. शहरासाठी बंद जलवाहिनीची योजना आली तेव्हा तिला विरोध झाला, आणि ९ ऑगस्ट २०११ रोजी द्रुतगती मार्गावर बौर येथे आंदोलनाच्या वेळी झालेल्या गोळीबारात तीन जण मरण पावले. योजनेच्या बाजूने आणि विरोधात बोलण्याचे हे व्यासपीठ नाही. परंतु २०११ च्या जनगणनेत १७ लाखांवर गेलेले आणि त्यानंतर आणखी वाढलेले हे शहर ज्यांच्या जमिनींवर तहान भागवते, त्यांची नावे तरी आपल्याला ठाऊक आहेत काय? चाकण, म्हाळुंगे, निघोजे, खराबवाडी येथील कारखान्यांच्या पायाखालीही अशीच कोणाची तरी बाजरी होती, कोणाचा तरी कांदा होता.

आपल्या परंपरेत हा विचार नवा नाही. स्थानांगसूत्रात तीन व्यक्तींचे ऋण फेडणे अत्यंत कठीण म्हटले आहे: माता-पिता, आधार देणारा धनी आणि धर्माचार्य. आई-वडिलांना उत्तम तेलाने अभ्यंग घालावे, सुगंधी जलाने स्नान घालावे, आयुष्यभर पाठीवर वाहून न्यावे, तरीही ते ऋण फिटत नाही, असे तेथे सांगितले आहे. तत्त्वार्थसूत्राच्या पाचव्या अध्यायात आचार्य उमास्वातींनी परस्परांना साहाय्य करणे हे जीवांचे कार्य म्हणून सांगितले. या परस्परोपग्रहाचा अर्थ उलगडताना आचार्य पूज्यपादांनी सर्वार्थसिद्धी या टीकेत जे उदाहरण घेतले आहे, ते वाचून मी थक्क झालो. ते उदाहरण मालक आणि सेवक यांचे आहे. मालक धन देऊन सेवकावर उपकार करतो, आणि सेवक मालकाला हिताची गोष्ट सांगून व अहितापासून परावृत्त करून त्याच्यावर उपकार करतो.

सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीचे हे उदाहरण आपल्या औद्योगिक पट्ट्याला जणू मापून शिवलेले आहे. पगार देणारा उपकारकर्ता आणि घेणारा उपकृत, एवढेच आपण धरून चालतो. आचार्य दोन्ही खात्यांवर जमा लिहितात. प्रेसवर काम करणारा एखादा कंत्राटी मुलगा ‘साहेब, हा गार्ड सैल झालाय’ असे सांगतो, तेव्हा तो तक्रार करीत नाही, उपकार करतो. २०२० च्या टाळेबंदीत परप्रांतीय मजूर मिळेल त्या वाटेने गावी निघून गेले आणि उद्योग पुन्हा सुरू करताना माणसांअभावी यंत्रे कशी उभी राहिली, हे येथील अनेक उद्योजकांनी अनुभवले आहे. ते रांगेत उभे असेपर्यंत त्यांचे जमा आपल्या वहीत दिसत नव्हते.

आधुनिक मानसशास्त्रही या विषयाकडे वळले आहे. अमेरिकेतील रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅककलो या संशोधकांनी २००३ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातील एका प्रयोगात विद्यार्थ्यांचे तीन गट केले. एका गटाने दहा आठवडे, दर आठवड्याला, कृतज्ञता वाटावी अशा पाचपर्यंत गोष्टी लिहिल्या, दुसऱ्याने त्रासाच्या गोष्टी लिहिल्या, तिसऱ्याने साध्या घडामोडी लिहिल्या. पहिल्या गटाला आपले आयुष्य एकंदरीत अधिक समाधानाचे वाटले आणि येणाऱ्या आठवड्याबद्दल त्यांना अधिक आशा वाटली. मात्र नंतर झालेल्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेता, नैराश्य आणि चिंता यांवर या उपायाचा परिणाम माफकच दिसून आला आहे. म्हणून ज्याला खरोखर नैराश्याचा आजार आहे त्याला वही देऊन बसवू नये, डॉक्टरांकडे न्यावे. जमाखर्च लिहिल्याने घर नीट चालते, पण ताप उतरत नाही.

आणखी एक सावधगिरी. कृतज्ञता स्वतःकडून मागायची असते, दुसऱ्याकडून नव्हे. बारा तास उभा राहणाऱ्या कामगाराला ‘नोकरी आहे, यात समाधान मान’ असे सांगणे, किंवा घरातल्या सुनेला ‘तुला काय कमी आहे?’ असे विचारणे, ही कृतज्ञतेची शिकवण नव्हे. दुसऱ्याने आपले किती देणे लागावे, हे मोजत बसलेला माणूस वहीची चुकीची बाजू वाचत असतो.

मग रोज करायचे काय? मी गेली पंचवीसहून अधिक वर्षे जे करीत आलो आहे, तेवढेच सांगतो. रात्री झोपण्यापूर्वी वहीत जमेच्या तीन नोंदी करतो. नोंद मोघम नसावी. ‘देवाची कृपा’, ‘सर्व छान’ असे दिवाणजी लिहीत नसत. कोणी दिले, काय दिले आणि देताना त्याला काय पडले, हे लिहावे. ‘बसवाहकाने म्हातारीसाठी बस थांबवली, मागच्यांची बोलणी खाल्ली.’ ‘सूनबाईने ताप असताना माझे पथ्याचे केले.’ अशा नोंदी लिहू लागले की दिवसा डोळे आपोआप उघडे राहतात, कारण रात्री पानावर काहीतरी लिहायचे असते. काही दिवस तीन ओळी होत नाहीत. त्या दिवशी पान कोरे ठेवतो, खोटी नोंद करीत नाही.

आठवड्यातून एकदा त्यांतील एक नोंद फेडावी. माणसाला भेटून, त्याने काय केले ते नेमके सांगावे. ज्याचे फेडता येण्यासारखे नाही, त्याचे दुसऱ्या कोणाला तरी द्यावे. आपण संवत्सरीला ‘मिच्छामि दुक्कडं’ म्हणतो, म्हणजे वर्षभरात आपल्या हातून झालेल्या उण्याचा हिशेब मिटवतो. आपल्याला मिळालेल्या अधिकाचा हिशेबही त्याच वेळी व्हावा, असे मला मनापासून वाटते. खंडेनवमीला कारखान्यात यंत्राला हार घालतो, भाद्रपदी पोळ्याला शेतकरी बैलाला पुरणपोळी भरवतो. त्या यंत्रावरच्या माणसाला, त्या बैलामागच्या गड्याला, वर्षातून एकदा तरी समोर बसवून त्याच्या खात्यावर काय जमा आहे ते वाचून दाखवावे.

अण्णा आता नाहीत. त्यांचा तो फुलस्केप कागद माझ्याकडे आहे. त्यावरील एकोणीस नोंदींपैकी चौदा मी फेडू शकलो. पाच राहिल्या. ती माणसे गेली, किंवा कुठे गेली ते कळले नाही. त्यातली एक नोंद शेजारच्या वहिनींची आहे. बदली होऊन ते कुटुंब गेले, तेव्हा ‘उद्या सांगू’ म्हणता म्हणता सांगायचे राहून गेले. त्यांच्या नावापुढे आजही जमा आहे.

शेवटी विश्वस्त मंडळाला एक नम्र विनंती करतो. सुवर्णमहोत्सवी स्मरणिका लवकरच छापखान्यात जाईल. तीत देणगीदारांची नामावली असेल, आणि ती असलीच पाहिजे, कारण ती संस्थेची जमेची बाजू आहे. पण ती बाजू अपुरी राहू नये. या पन्नास वर्षांत ज्यांनी हा सभामंडप पहाटे झाडला, भोजनगृहात भट्टीसमोर उभे राहून पंगती जेवू घातल्या, रात्रीचा पहारा केला, वसतिगृहातील मुलांचे आजारपण काढले, त्यांची जेवढी नावे जुन्या हजेरीपटांतून, पगारपत्रकांतून आणि ज्येष्ठांच्या आठवणीतून मिळतील, तेवढी एका पानावर छापावीत. नावापुढे रकमेचा रकाना नसला तरी चालेल. त्यांच्यापैकी जे हयात आहेत, त्यांना ते पान विश्वस्तांनी स्वतः घरी जाऊन द्यावे.

आपण मला शांतपणे ऐकून घेतलेत. आज रात्री माझ्या वहीत ही एक नोंद निश्चित आहे.

जय जिनेंद्र.